आभाळाच्या चौथऱ्याची आखणी

४ मार्च २०२५, मंगळवार. फ्रीमाँट

ही वही लेकीने, ज्ञानदाने, आणून दिली. भाजी आणावी तशी, न विचारता. म्हणाली, रोज दोन ओळी लिही, बरं वाटेल. मला काय झालंय ते मात्र सांगत नाही. माझे यजमान सत्यजित गेल्याला चौदा महिने झाले. नागपूरच्या घराला कुलूप लावून लेकीने मला इथे परदेशात आणलं त्याला सहा आठवडे. मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि त्यातली छत्तीस वर्षं सरकारी पॉलिटेक्निकमध्ये मुलांना सर्व्हेइंग शिकवण्यात गेली. माझ्या वह्यांत आकडे असतात, मनातलं नसतं. बघू किती दिवस जमतं ते.

लेक दिवसातून तीनदा बीपीचं यंत्र माझ्या दंडाला गुंडाळते. मीटिंगमधून उठून येते. काल म्हटलं, अगं, धरणाची पातळीसुद्धा दिवसातून एकदाच मोजतात. हसली नाही. पूर्वी माझ्या असल्या बोलण्याला ती आधी हसायची आणि मग रागवायची. बाबा गेले त्या दिवसाबद्दल काहीतरी विचारायला तोंड उघडते, मी विषय बदलते, की तिलाही सुटल्यासारखं होतं. दोघींचं बरं चाललंय.

८ मार्च, शनिवार

तळ्याकाठच्या मैदानावर एक म्हातारा रोज दिसतो. निळी टोपी, पांढरी काठी. सरळ चालतो, थांबतो, डावीकडे वळतो, पुन्हा तेवढंच चालतो. चारदा. ओठ हलत असतात. लोकांना वाटत असेल जप करतोय. पावलांनी जमीन मोजणारा माणूस मी शंभर फुटांवरून ओळखते.

आज राहवलं नाही. जवळ जाऊन इंग्रजीत सांगितलं, "तुमचा चौकोन मिटत नाहीये. डावं पाऊल आखूड पडतं. रोज चार फूट चुकता."

ते थांबले. डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही त्यांच्या. आवाजाच्या दिशेने मान वळवून म्हणाले, "मादाम, मी सात महिने याच चुकीवर रागावतोय. तुम्ही कोण?"

नाव विन्ह. वय एकोणनव्वद. व्हिएतनाममधल्या हुए नावाच्या गावचे, जिथे एके काळी राजधानी होती. आमच्याच टाउनहाउसच्या रांगेत चार दारं सोडून राहतात, मुलगी लिएन हिच्याकडे. ती फार्मसीत काम करते. लहानपणी फ्रेंच शाळेत होते म्हणून मला मादाम म्हणतात. मी त्यांना विन्हकाका म्हणायचं ठरवलं, अर्थ सांगितला, तर खूश झाले.

१० मार्च, सोमवार

विन्हकाकांचा चौकोन कशाचा ते आज कळलं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

हुएच्या दक्षिणेला व्हिएतनामच्या राजांनी बांधलेला यज्ञाचा चौथरा आहे. नाम ज्याव म्हणतात. तीन थर, एकावर एक. सगळ्यांत खाली मोठा चौकोन, तो माणसांचा. त्यावर लहान चौकोन, तो जमिनीचा. आणि त्यावर वर्तुळ, ते आभाळाचं. राजा मिरवणुकीने राजवाड्यातून निघायचा, शेजारच्या उपासाच्या महालात तीन दिवस राहायचा, आणि मग पहाटेच्या अंधारात पायऱ्या चढून वर जायचा. रेडे, बकऱ्या, डुकरं यांचा बळी असे. सगळ्या देशाच्या वतीने एकटा राजा आभाळासमोर उभा राहायचा आणि पीकपाणी मागायचा.

मी विचारलं, वर मूर्ती कोणाची? म्हणाले, कोणाचीच नाही. छप्पर? नाही. पूजेपुरता निळा तंबू ठोकायचे, मग काढून घ्यायचे. एरवी नुसता दगडी गोल आणि वर आभाळ.

मी देवभोळी नाही. देवळात गेले तरी खांबाचा ओळंबा आधी बघते. पण जिथे पुजायला काहीच ठेवलेलं नाही अशी जागा माणसांनी इतकी मोजूनमापून बांधली, हे ऐकून मी बाकावर बसून राहिले. घरी आल्यावर यतीनने (आमचे जावई) लॅपटॉपवर मापं काढून दिली. गोल साधारण साडेचाळीस मीटर व्यासाचा. मधला चौकोन त्र्याऐंशी मीटरचा, खालचा एकशे पासष्टचा. गोलाला चार दिशांना जिने, तीन बाजूंना नऊ पायऱ्या आणि दक्षिणेला पंधरा, असं त्यात होतं. काकांनी हे सगळं पावलांत सांगितलं होतं, नऊ वर्षांच्या मुलाच्या पावलांत. त्यांच्या पावलांना मी मीटरमध्ये बसवलं तर फरक अगदी थोडा. ऐंशी वर्षांपूर्वीची आठवण, आणि माझी थर्ड इयरची पोरं काल मोजलेलं आज विसरायची.

१३ मार्च, गुरुवार

आज काकांनी मागणं मागितलं. पाच एप्रिलला ते कायमचे ह्यूस्टनला मुलाकडे जाणार. हृदय असं झालंय की हुएपर्यंतचा विमानप्रवास डॉक्टरांनी बंद केलाय. म्हणाले, "मादाम, मला तो चौथरा खऱ्या मापाने जमिनीवर आखून द्या. चित्र नको, मला दिसत नाही. माझ्या पायांना कळला पाहिजे. दक्षिणेच्या जिन्यापाशी उभं राहून मला माफी मागायची आहे."

कोणाची? आभाळाची. कशाबद्दल? ते सांगितलं नाही. देश सोडल्याबद्दल असणार. युद्धानंतर बोटीतून निघून आलेल्या पिढीला ते डाचत असतं, असं मी कुठेतरी वाचलंय.

एक अट घातली. गोलाच्या आत कोणीही पाय ठेवायचा नाही. तिथे फक्त राजा जातो.

मी म्हटलं, काका, वर्तुळ काढायला मध्ये खुंटी लागते. खुंटी ठोकायला माणूस लागतो. ते म्हणाले, तुम्ही छत्तीस वर्षं शिकवलंय, तुम्हाला दुसरा उपाय माहीत असेल.

आता यावर काय बोलणार. दुसरा उपाय आहे. गोलाच्या मध्ये विहीर किंवा इमारत असली तर बाहेरबाहेरून जीवा आणि लंब घेऊन कड काढत जातात. परीक्षेत दहा मार्कांना असायचं. प्रत्यक्षात कोणी करत नाही.

१६ मार्च, रविवार

यतीनरावांची क्रिकेट टीम शनिवारी त्याच मैदानावर खेळते. चुन्याच्या रेघा मारायची ढकलगाडी त्यांच्याकडे आहे, सीमारेषेचे झेंडे आहेत, आणि मैदान बुक करायचं काम यतीनकडेच. एकोणतीस तारखेला साडेनऊपर्यंत मैदान माझं. म्हणाला, "आई, टीमला मी काय सांगू? पिच रिपोर्ट?" मी म्हटलं, सांग, सासू रांगोळी काढत्ये.

खालचा मोठा चौकोन तिथे मावत नाही. काका म्हणाले, माणसांचा थर नसला तरी चालेल, माणसं आपण आहोतच.

ज्ञानदाला हे सगळं पसंत नाही. उन्हात उभी राहशील, चक्कर येईल, कोणासाठी हे? तिच्या कपाळावर हल्ली दोन रेघा कायम असतात. चाळीशीही आली नाही अजून. मी म्हटलं, मला कंटाळा येतो गं. तर म्हणाली, कंटाळा आलेला परवडला. काय बोलायचं अशा मुलीशी?

२० मार्च, गुरुवार

उत्तर काढली. फोनमधलं होकायंत्र मी मानत नाही. इथे सुई खऱ्या उत्तरेपासून तेरा अंशांनी भरकटते आणि फोन म्हणतो मी दुरुस्त करतो, पण माझ्यासमोर करत नाही. मैदानात काठी उभी केली, तिच्याभोवती गोल काढला, सकाळी सावली गोलाला जिथे शिवली तिथे एक खूण, दुपारी शिवली तिथे दुसरी. मधोमध उत्तर. सहा तास लागले.

काका सोबत बसून होते. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून दर थोड्या वेळाने विचारायचे, आता सावली कुठे आहे? मी सांगायचे. तीन-चार वेळा सांगितल्यावर माझ्याच ध्यानात आलं की मी आवाज खाली आणून सांगते आहे, झोपलेल्या मुलाजवळ बोलावं तसा. विद्यार्थ्यांना हा प्रयोग मी पस्तीस वेळा दाखवला असेल. पृथ्वी फिरताना दिसते ती अशी, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. आज पहिल्यांदा बघितली.

२३ मार्च, रविवार

पार्किंगमध्ये खडूने चौथाई मापाचा गोल बाहेरबाहेरून काढून पाहिला. फिरून जिथून निघाले तिथे आले तर एक वीत अंतर. आमच्या धंद्यात अशी चूक सगळ्या टोकांमध्ये थोडी थोडी वाटून टाकतात, कोणाला दिसत नाही. पण गोलात वाटली तर गोल अंड्यासारखा होतो, आणि ज्या माणसाचे पाय ऐंशी वर्षं माप धरून आहेत त्याला अंडं कळेल. मला झोप लागायची नाही.

२५ मार्च, मंगळवार

उद्यापासून काका तीन दिवस उपास धरणार. राजा धरायचा, त्याच्याबरोबर पूजेत काम करणारे सगळे धरायचे. राजासमोर म्हणे काशाचा एक लहान पुतळा ठेवत, हातात पाटी घेतलेला, उपासाची आठवण करून द्यायला. राजालाही आठवण करून द्यावी लागायची, हे मला आवडलं. मग मीही धरते म्हटलं, आखणी माझी आहे. मी लग्नानंतर एक उपास केला नाही, सासूबाई त्याच दुःखात गेल्या. त्यांना हे कळलं असतं तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे.

नियम विचारून घेतले. मांस-मद्य नाही, गाणंबजावणं नाही. कोणाच्या आजारपणाची चौकशी करायची नाही. आणि गेलेल्या माणसासाठी शोक करायचा नाही. म्हटलं, शेवटचा मला सगळ्यांत सोपा. मी तसाही करत नाही.

२६ मार्च, बुधवार

काकांनी विचारलं, काय खाल्लं? मी सरळ सांगितलं. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बटाट्याची भाजी, ताक, दोन राजगिऱ्याचे लाडू, आणि दुपारी रताळ्याचा कीस. त्यांनी एकेक पदार्थ बोटांवर मोजला. मग म्हणाले, "मादाम, हा तुमचा उपास असेल तर तुमचे सण मला पाहायचे आहेत." त्यांनी पातळ भात घेतला होता, मिठाशिवाय. मी ओशाळले. उद्यापासून मीही पेज घेते.

संध्याकाळी ज्ञानदा यंत्र घेऊन आली तेव्हा म्हटलं, तीन दिवस आजारपणाची चौकशी बंद, नियम आहे. थट्टेत म्हटलं. ती यंत्र छातीशी धरून दारातच उभी राहिली आणि मग आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने यतीन तिच्यासाठी पाणी घेऊन जाताना दिसला. ऑफिसात काहीतरी बिनसलं असणार.

२८ मार्च, शुक्रवार

चौकोन घातला. तीन-चार-पाचचे काटकोन, चारही कोपऱ्यांना झेंडे, दोन्ही कर्ण बोटभराच्या फरकाने सारखे. यतीन ऑफिसमधून लवकर आला. चांगला मदतनीस आहे, टेप ताणायला सांगितली की ताणतो, प्रश्न विचारत नाही.

दोन दिवस पेज पिऊन डोकं हलकं झालंय. शोक करायचा नाही हा नियम मी समजले होते तितका सोपा नाही. करायचा नाही म्हटलं की कळतं की आपण दिवसभर तेच करत होतो. आंघोळ करताना, केस विंचरताना, टेपची घडी घालताना. मी तीन दिवसांत किती वेळा नियम मोडला ते लिहीत नाही.

२९ मार्च, शनिवार

सगळं नीट क्रमाने लिहायचं आहे.

पावणेसातला यतीनबरोबर मैदानावर पोचले. उजाडत होतं. डोंगर हिरवेगार, तळ्यावरची बदकं गवतात चरत होती. आठ वाजता काका येणार. मी बाहेरून जीवा घेत गोल फिरले, छोट्या खुंट्या रोवल्या, आणि शेवटच्या खुंटीशी पोचले तर अंतर सव्वा वीत. पुन्हा मोजायला वेळ नव्हता. वाटून टाकायचं मनात आलं आणि हात पुढे होईना.

यतीन ढकलगाडी आणायला गाडीकडे गेला होता. मी चपला काढल्या आणि आत गेले.

दिलेला शब्द मोडला, हे आधी लिहून ठेवते. चौकोनाचे कर्ण जिथे छेदतात तिथे जाऊन उभी राहिले. हातात खुंटी आणि हातोडी. मी शेकडो वर्तुळांच्या मध्ये उभी राहिलेली बाई आहे. पण तिथून वर पाहिलं आणि सगळं आभाळ चहूकडून सारखंच दूर होतं. एकही कड जवळ नव्हती. सगळं आपल्याभोवती आणि आपण एकटे, आणि वर विचारणारं कोणी असलं तर ते फक्त आपल्यालाच विचारणार. भीती वाटली. भीतीच होती असं नाही, पण हातोडी खाली गवतावर ठेवली हे खरं. मी तोंडाने काहीतरी बोलले. काय ते इथे लिहीत नाही.

मागे वळले तर यतीन वीस मीटरवर ढकलगाडीशी उभा. ऐकू गेलं नसावं. तो मान खाली घालून चाकात काहीतरी बघत होता. मी खुंटी ठोकली, टेप लावली, वीस मीटर पंचवीस सेंटिमीटर, आणि त्याला म्हटलं, फिर. पांढरी रेघ फिरत फिरत स्वतःला येऊन मिळाली. खुंटी उपटली, गवत सारखं केलं. यतीनला सांगितलं, हे त्यांना कळायला नको.

आठाला लिएन काकांना घेऊन आली. त्यांनी निळा लांब अंगरखा घातला होता आणि डोक्याला काळं बांधलं होतं. लिएन मला बाजूला घेऊन म्हणाली, या जागेबद्दल बाबा आयुष्यात मला एक शब्द बोलले नाहीत, तुम्हाला कसं सांगितलं? मी मोजते म्हणून, एवढंच सुचलं.

दक्षिणेच्या जिन्याच्या पहिल्या पायरीला मी दोरी टाकून ठेवली होती. काकांचे पाय तिथे नेऊन सोडले. त्यांनी काठी लिएनकडे दिली. आणि सपाट गवतावर ते पायऱ्या चढायला लागले. गुडघा उचलायचा, पाऊल पुढे ठेवायचं, शरीर वर घ्यायचं. एक. दोन. हातांनी अंगरखा उचलून धरला होता. पंधरा झाल्यावर थांबले. त्यांच्या बुटांचं टोक आणि पांढरी रेघ यांच्यात दोन बोटं अंतर होतं. पायरीची रुंदी मी अंदाजाने एक फूट धरली होती. त्यांचा अंदाज आणि माझा जुळला, योगायोग असेल. अंगावर काटा आला तो आलाच.

ते गुडघ्यांवर बसले. बराच वेळ आपल्या भाषेत बोलले. ते बोलत असताना लिएनने तोंडावर हात ठेवला. मग ते माझ्याकडे वळून इंग्रजीत बोलले.

त्यांचे वडील त्या आवारातल्या पाइनच्या झाडांचे माळी. १९४५ च्या मार्चमधली पूजा झाली, तंबू उतरला, माणसं पांगली. दुपारी वडील झाडांकडे असताना नऊ वर्षांचा विन्ह पंधरा पायऱ्या चढून वर गेला, गोलाच्या मधोमध उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, आता मी राजा.

"पाच महिन्यांनी राजाने गादी सोडली. पुन्हा ती पूजा झाली नाही. पुढच्या वर्षी लढाई आमच्या दारात आली आणि वडील त्यात गेले. मग तीस वर्षं युद्ध. मी मोठा झालो, शिकलो, मला माहीत आहे की एका मुलाच्या बोलण्याने राज्यं जात नाहीत. दिवसा माहीत असतं."

मी तिथे उभी होते आणि माझ्या हातात ती उपटलेली खुंटी होती. हे ऐकल्यावर गप्प बसणं मला जमलं नाही.

"काका, मी सकाळी आत गेले होते. मधोमध. खोटं बोलणार होते तुमच्याशी."

त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. लिएन माझ्याकडे बघायला लागली. संपलं, सगळं घालवलं मी, असं वाटलं. पण आता सुरुवात केलीच होती.

"बाहेरून गोल मिटत नव्हता. कधीच मिटत नाही. तुमचा तो खरा चौथरा ज्या गवंड्याने बांधला तोही मध्ये उभा राहिला असणार. राजा यायच्या आधी. दोरी धरून, घामेजलेला. त्याच्याशिवाय ती जागा गोल झालीच नसती."

"तो कामाला चढला," काका म्हणाले. "तो मी राजा असं म्हणाला नाही."

"म्हणाला असणार. मी छत्तीस वर्षं पोरं खुंटीवर उभी केली आहेत. बाकीचे दोरी घेऊन भोवती फिरतात आणि मधला एकटा उभा असतो. एक पोरगं असं गेलं नाही की जे तिथे उभं राहून काहीतरी बोललं नाही. कोणी म्हणतं मी सूर्य, कोणी म्हणतं मी मुख्यमंत्री. मुलीसुद्धा. वर्तुळाचा तो गुण आहे, काका. मध्ये जो उभा राहील त्याला वाटतंच की हे सगळं माझ्यामुळे फिरतंय. चांगलंही आणि वाईटही."

त्यांनी हाताने समोरची पांढरी रेघ चाचपली. मग विचारलं, "तुम्ही सकाळी काय बोललात?"

मी सांगितलं. यतीन दूर होता, लिएन अनोळखी, भाषा परकी, म्हणून सांगता आलं असेल. "मी माझ्या नवऱ्याला म्हटलं, अहो, माझं चुकलं."

काकांनी हात पुढे केला. म्हणाले, मला तिथे न्या. लिएनने त्यांचे बूट काढले. मी त्यांना रेघेच्या आत नेलं, वीस मीटर, त्यांची पावलं मोजत. मधोमध ते खाली बसले आणि बोटांनी गवत चाचपून खुंटीचं भोक शोधून काढलं. बोट त्यात घातलं.

"त्या पहिल्या माणसाचं नाव काय होतं?"

"नाव लिहून ठेवत नाहीत, काका. आमच्याकडेही नाही."

त्यांनी त्या भोकासमोर तीनदा कपाळ टेकलं. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले, मान वर केली आणि दिसत नसलेल्या आभाळाकडे बघून, त्या वयाच्या माणसाकडून अपेक्षा नाही इतक्या मोठ्या आवाजात, एक वाक्य बोलले. बदकं उडाली.

रेघेबाहेरून लिएनने मला इंग्रजीत सांगितलं. रडत होती. "म्हणाले, मी राजा नाही. मी माळ्याचा मुलगा आहे."

साडेनऊला टीम आली. रेघा पाहून एकजण यतीनला म्हणाला, "यार, आज थर्टी यार्ड सर्कल भारी मारलंय." यतीन म्हणाला, आज पुसायचं नाही. त्याच गोलात खेळले ते. काका खुर्चीत बसून चेंडूचा आवाज ऐकत होते आणि मध्येच लिएनला काहीतरी सांगत होते. ती ऐकतच होती.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

सकाळी बाल्कनीत गुढी उभारली. श्रीखंड खाल्लं, दोन दिवसांच्या पेजेनंतर पोटात दुखलं.

दुपारी ज्ञानदा माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं. म्हणाली, "आई, काल ग्राउंडवर तू बाबांना काय म्हणालीस?"

यतीनला ऐकू गेलं होतं तर.

विषय बदलायला तोंड उघडलं. मग सांगून टाकलं. त्या दिवशी सकाळी मी एका जुन्या विद्यार्थिनीच्या प्रबंधातले नकाशे तपासत बसले होते. हे येऊन म्हणाले, छातीत जळजळतंय. मी मान वर केली नाही. म्हटलं, अ‍ॅसिडिटीची गोळी फ्रिजवर आहे, घ्या. त्यांनी घेतली. आतल्या खोलीत जाऊन पडले. मी दोन तासांनी चहाला हाक मारायला गेले. दोन तास, ज्ञानदा. नकाशांत सारखी उंची दाखवणारी एक रेघ चुकली होती आणि मी ती शोधत होते. मान वर केली असती तर चेहरा दिसला असता. मी चेहरा पाहिला नाही.

ती खाली बसली, माझ्या पलंगाशी, फरशीवर.

"आई, तुला सांगायच्या आधी त्यांनी मला फोन केला होता. तुमच्याकडे सकाळचे नऊ वाजले होते. मी कॉलवर होते, म्यूट करून त्यांच्याशी बोलले. ते म्हणाले जळजळतंय. मी म्हटलं, बाबा, काल लग्नात जेवलात ना, अ‍ॅसिडिटी असेल, आईकडून गोळी घ्या." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी सांगितलं म्हणून ते तुझ्याकडे आले."

मी पलंगावरून उतरले. गुडघ्यांनी त्रास दिला. तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि तिला जवळ ओढलं. लहानपणी घ्यायचे तसं जमेना, ती आता माझ्याहून उंच आहे. म्हणून मीच तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.